50 तासांची सर्व्हिस, 40 किलोमीटरचा रस्ता

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
कृषी आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य, पुणे



अनुदानावर ट्रॅक्टर घ्यायचा तर महाडीबीटीवर अर्ज, विक्रेत्याचं कोटेशन, टेस्ट रिपोर्ट, पूर्वसंमती आणि शेवटी जागेवरची मोका तपासणी एवढे टप्पे पार करावे लागतात. लोक या कागदांना वैतागतात, पण यातली टेस्ट रिपोर्टची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची 1955 साली सुरू झालेली संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची पीटीओवरची (अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवरची) ताकद, डिझेलचा खप, ब्रेक, हायड्रॉलिकची उचल, अगदी चालकाच्या कानाला होणारा त्रास आणि अंगाला बसणारे हादरेसुद्धा मोजले जातात. कंपनीनं रंगीत पत्रकात काय छापलंय, यावर सरकार विसंबत नाही. मात्र हाच ट्रॅक्टर शेतात येऊन 50 तास चालला की त्याची पहिली सर्व्हिस कुठे होणार आणि त्यासाठी त्याला किती किलोमीटर न्यावं लागणार, हे कुणी मोजत नाही. ‘विक्रीपश्चात सेवा’ हे शब्द कागदावर येतात, पण अंतराचा आकडा येत नाही. त्या आकड्यासाठी हे पत्र आहे, आणि तेही मुख्यतः लहान ट्रॅक्टरपुरतं.

लहान म्हणजे साधारण 15 ते 28 एचपीचे. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी शेत 1.34 हेक्टरचं आहे. एवढ्या रानात 50 एचपीचं धूड फिरवायला जागा नाही आणि त्याचे हप्ते फेडायला उत्पन्नही नाही. द्राक्षाच्या दोन ओळींमधून, डाळिंबाच्या फांद्यांखालून, आंतरमशागतीसाठी कपाशीच्या तासातून जायचं तर अंगानं बारीक आणि उंचीनं ठेंगणं यंत्रच लागतं. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूर या फळबागांच्या पट्ट्यांत ते रुजलं आणि आता इतरत्रही पसरतंय. सरकारनंही हे ओळखलंय. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत 40 ते 50 टक्के अनुदान ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळतं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, सुट्या भागांवरचा 18 वरून 5 वर. यंत्र स्वस्त झालं, ही चांगली गोष्ट आहे. शोरूम मात्र होतं तिथेच आहे.

आता रस्त्याचा हिशेब. या ट्रॅक्टरचा वरच्या गिअरमधला वेग ताशी 20-25 किलोमीटर. शोरूम 40 किलोमीटरवर असलं तर जायला दोन तास, यायला दोन तास. तेवढ्या वेळात आठ-दहा लिटर डिझेल जातं, आणि सर्व्हिसमध्ये इंजिनातून काढून नवं भरायचं ऑइल असतं तीन-चार लिटर! शिवाय अवरमीटरला शेत आणि डांबर यांतला फरक कळत नाही. पहिल्या 50 तासांच्या सर्व्हिसपायी चार तास नुसत्या डांबरावर खर्ची पडतात. मागच्या टायरचे जाड कंगोरे मातीत पकड घेण्यासाठी असतात, तापलेल्या डांबरावर ते झिजतात. अरुंद अंगाचं हे वाहन साइडपट्टीवर उतरलं की कलंडण्याचं भय वेगळंच. चौपदरी झालेल्या महामार्गावर तर दुभाजकामुळे समोर दिसणाऱ्या शोरूमसाठीही दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडतो, आणि तो टाळण्यासाठी उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर आपण सगळेच पाहतो. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला मुळातच बंदी आहे, आणि वेगाचा विचार केला तर ती योग्यच आहे. रस्ते जसजसे सुधारतात, तसतसा त्यांवर ट्रॅक्टर नकोसा होत जातो.

मग गाडीत घालून नेतात. ट्रॅक्टरचं वजन 700-900 किलोच्या घरात असल्यानं छोटा हत्ती त्याला अपुरा पडतो, पिकअप सांगावी लागते. गावात चढवायचा धक्का नसतो. पिकअप पाठीमागून बांधाला किंवा कॅनॉलच्या भरावाला लावायची, मधल्या फटीत फळ्या टाकायच्या, चाकांखाली दगडांची ओट द्यायची आणि दोरखंडानं आवळायचं, ही त्यावरची गावठी तोड. फळी सरकली तर काय होईल, याचा विचार न केलेलाच बरा. उतरवताना शोरूमपाशी बांध नसतो, तिथे आणखी कुणाची तरी मनधरणी. पिकअपचं दोन्ही वेळचं भाडं, सोबतच्या माणसाची मजुरी आणि बुडालेला दिवस धरला, तर ‘फ्री सर्व्हिस’ या कूपनातला फ्री हा शब्द फक्त लेबरपुरता उरतो.

पण पैशांपेक्षाही मोठा प्रश्न मोसमाचा आहे. द्राक्षाची गोडी बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आणि पुढचे काही आठवडे बागायतदार बाग सोडून हलत नाही. परतीचा पाऊस येतो, पानं ओली राहतात, डाऊनी रोग कधी उतरेल सांगता येत नाही. फवारणी आज रात्री व्हायला हवी असेल तर ती उद्या दुपारी होऊन चालत नाही, आणि ब्लोअर चालतो तो याच लहान ट्रॅक्टरच्या पीटीओवर. म्हणजे तास सर्वांत जास्त पडतात ते याच दिवसांत, सर्व्हिसची वेळ भरते तीही याच दिवसांत, आणि ट्रॅक्टर दोन दिवस शोरूमला सोडणं ज्या दिवसांत सर्वांत अशक्य, तेही हेच दिवस. शेतकरी सर्व्हिस पुढे ढकलतो, याला आपण सहज ‘जागरूकतेचा अभाव’ म्हणून मोकळे होतो. त्याचा हिशेब मात्र चोख असतो. फवारणी चुकली तर नुकसान डोळ्यांसमोर दिसतं, ऑइल बदलायचं राहिलं तर दोन वर्षांनी. नव्या इंजिनात सुटे भाग एकमेकांवर बसताना धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये येतो, म्हणून तर पहिली सर्व्हिस इतक्या लवकर असते. ती 50 ऐवजी 150 तासांवर झाली तर तो चुरा मधले शंभर तास बेअरिंगमधून फिरत राहतो. पुढे इंजिन बसलं की कंपनी सर्व्हिस बुक मागते. त्यात शिक्का नसला की वॉरंटी अडते. ती कागदावर 2000 तासांची असो की 5000 तासांची, त्या क्षणी सारखीच.

यावर माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. ठरावीक तासांच्या सर्व्हिससाठी ट्रॅक्टरनं शोरूमला जाऊ नये, मेकॅनिकनं शेतावर यावं, आणि अनुदानावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लहान ट्रॅक्टरला ही अट लेखी लागू असावी. हे शक्य आहे, कारण या सर्व्हिसमध्ये वर्कशॉपशिवाय होत नाही असं जवळजवळ काही नसतं. इंजिनऑइल आणि फिल्टर बदलणं, डिझेल फिल्टर बघणं, एअर क्लीनर साफ करणं, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा आणि औषधाचा थर काढणं, फॅनबेल्टचा ताण, क्लच-ब्रेकचा प्ले, चाकांचे नट, गिअर आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या ऑइलची पातळी, ग्रीसिंग. त्याला रॅम्प लागत नाही, लिफ्ट लागत नाही. पान्यांची पेटी, ग्रीसगन, ऑइलचा कॅन आणि फिल्टरचा खोका घेऊन मोटारसायकलवर आलेला जाणता मेकॅनिक चिंचेच्या सावलीत दोनेक तासांत हे उरकतो. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून फोडायचा असेल, पंप काढायचा असेल, इंजिन खोलायचं असेल, तर वर्कशॉपला पर्याय नाही. पण ती कामं वर्षानुवर्षांतून एकदा येतात, आणि सर्व्हिस वेळेवर झाली तर बरीचशी येतच नाहीत.

विक्रेते म्हणतील, एका ट्रॅक्टरसाठी 40 किलोमीटर माणूस पाठवणं परवडत नाही. एकट्या ट्रॅक्टरसाठी खरंच परवडत नाही, आणि विक्रेत्यावर सगळा बोजा टाकून ही अट टिकणारही नाही. पण त्याच दिशेला तीन गावांत त्याचे पाच ट्रॅक्टर असतील, तर आज ते पाचही वेगवेगळ्या दिवशी शोरूमच्या वाटेला लागतात. पाच यंत्रांनी मिळून 400 किलोमीटर तुडवायचं, की एका मोटारसायकलनं शंभर? विक्रीची तारीख आणि तासांचा अंदाज विक्रेत्याकडे असतोच, त्यामुळे गावांच्या फेऱ्या आखणं अवघड नाही. गोडी छाटणीच्या आधी एक आणि खरड छाटणीच्या सुमारास एक अशी शिबिरं घेतली तर बराच भार हलका होतो. उरलेल्या खर्चासाठी ठरावीक आणि जाहीर प्रवासशुल्क घ्यायला हरकत नाही. पिकअपच्या भाड्यापुढे ते किरकोळच ठरेल, आणि शेतकरी ते कुरकुर न करता देईल.

कंपन्यांचं उत्तर वेगळं असेल: घरपोच सर्व्हिस तर आम्ही देतोच. काही ठिकाणी देतातही, ते नाकारण्याचं कारण नाही. पण ती विक्रेत्याच्या मर्जीवर आणि मेकॅनिकच्या सवडीवर चालते. भारतातला ट्रॅक्टरचा धंदा मुख्यतः 40-50 एचपीच्या गाड्यांवर उभा आहे. ऊस वाहतूक किंवा पेरणीच्या धांदलीत मोठ्या ट्रॅक्टरचा मालक आणि दोन एकर बागेवाला एकाच दिवशी फोन करतात, तेव्हा मेकॅनिक कुणाकडे आधी जातो, हे वेगळं सांगायला नको. मर्जीनं मिळणारी सोय आणि हक्कानं मिळणारी सेवा यांत एवढाच फरक असतो. ती सोय खरोखर सर्वत्र मिळत असेल, तर ती लेखी द्यायला कंपन्यांना जड जाण्याचं कारण नाही.

सरकारनं खासगी व्यवहारात किती शिरावं, हा आक्षेप मला त्याहून गंभीर वाटतो. रोख पैसे मोजून ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या बाबतीत तो मला मान्यही आहे, त्यानं आणि कंपनीनं आपसात बघून घ्यावं. पण अनुदानाचा ट्रॅक्टर हा तिघांचा व्यवहार असतो आणि तिसरा पक्ष सरकारी तिजोरी असते. ब्रेक मोजण्याचा अधिकार ज्या न्यायानं घेतला, त्याच न्यायानं सर्व्हिसचं अंतर मोजता येतं. चार वर्षांत इंजिन बसलेला ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहिला, तर त्यात शेतकऱ्याचे हप्ते बुडतात, तसे जनतेचे पैसेही बुडतात. मोका तपासणीला यंत्राशेजारी शेतकरी उभा करून फोटो काढला जातो, तो ट्रॅक्टर नवाकोरा असताना.

शेतकऱ्यानं स्वतःच शिकून घ्यावं, असंही कुणी सुचवेल. ग्रीसिंग, एअर क्लीनर, रेडिएटरची जाळी हे त्यानं करायलाच हवं, त्यात मेकॅनिकची वाट बघणं हा आळस झाला. अडचण शिक्क्याची आहे. तीच अडचण गावातल्या मेकॅनिकचीही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो करून बाहेर पडलेली मुलं तालुक्याच्या गावी पंक्चर काढत बसलेली असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारींसोबत शेतीची यंत्रंही त्यात धरली होती. त्या विचाराला धरूनच सांगतो: जिथे कंपनीचा माणूस पोचू शकत नाही, तिथे अशा प्रशिक्षित मुलाला कंपनीनं ठरावीक सर्व्हिसपुरतं अधिकृत करावं, मूळ फिल्टर आणि ऑइल पुरवावं आणि त्याचा शिक्का वॉरंटीला चालावा. गावोगावच्या अवजारे बँकांनाही हे काम जोडता येईल. राहिला प्रश्न काढलेल्या काळ्या ऑइलचा. ते बांधावर ओतलं जाणार, ही भीती रास्त आहे, कारण ते कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. ज्या कॅनमधून नवं आलं त्याच कॅनमधून जुनं परत नेणं मेकॅनिकवर बंधनकारक करावं, एवढं पुरे.

एक योजना मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती आपल्या खात्याची नाही. सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचतगटांना 9 ते 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर उपसाधनांसह 90 टक्के अनुदानावर देतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत 3 लाख 15 हजार सरकारचे, 35 हजार गटाचे. ही योजना राज्यभर आहे, फळबागांच्या पट्ट्यापुरती नाही. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे. जिथे लहान ट्रॅक्टरचे खरेदीदार विरळ, तिथे विक्रेतेही विरळ, आणि 35 हजार जमवताना ओढाताण झालेल्या गटानं पिकअपचं भाडं कुठून काढायचं? घरपोच सर्व्हिसच्या अटीची सर्वांत जास्त गरज या गटांना आहे, म्हणून आपण ती त्या विभागाच्याही कानावर घालावी.

या अटीसाठी नवा विभाग, नवं पोर्टल किंवा जास्तीचा निधी लागणार नाही. कोटेशनवर आज मॉडेल, अश्वशक्ती आणि किंमत लिहिलेली असते. त्याखाली तीन ओळी विक्रेत्याकडून सहीशिक्क्यानिशी घ्याव्यात: शेतापासून अधिकृत सेवाकेंद्राचं अंतर किती, ठरावीक सर्व्हिस शेतावर देणार का, आणि फोन केल्यापासून किती दिवसांत. या ओळी कोऱ्या असतील, तर ते कोटेशन स्वीकारू नये, एवढा एक आदेश येत्या छाटणीच्या आत काढावा, ही विनंती.