एक गडी कमी आहे

भाताची कापणी झाली की झरीच्या आसपासची खाचरं मोकळी होतात आणि मुलांना मैदान मिळतं. धसकटं उपटायची, जमीन चोपायची, की टेनिस बॉलची खेळपट्टी तयार. गेल्या हिवाळ्यात शाळेतून घरी येताना मला एक मुलगा रोज बांधावर बसलेला दिसायचा. बॉल बांधापलीकडे गेला की पळत जाऊन आणून द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर बसायचा. तीन आठवडे त्याने बॉल आणले. त्याला कुणी खेळायला बोलावलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. टीम आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांची होती. तो मुलगा शेजारच्या पाड्यावरचा, वारली घरातला.

त्याच दिवसांत माझा भाचा सुट्टीवर आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "खाला, प्रोजेक्टसाठी ॲप करतोय. ज्याला खेळायचंय त्याला टीम मिळेल, आणि ज्या टीमला गडी कमी पडतोय तिला गडी मिळेल."

कल्पना नवी नाही. बेंगळुरूचं 'प्लेओ' 2015 पासून शहरांत असंच काम करतं. जवळचं टर्फ शोधायचं, बुक करायचं, सोबत खेळणारे मिळवायचे. अहमदाबादच्या 'क्रिकहिरोज'वर गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धांचेही स्कोअर चेंडूगणिक नोंदवता येतात. पण भाड्याने टर्फ घेणारे वेगळे आणि खाचरात खेळणारे वेगळे. भाच्याला आपल्या भागासाठी काही करायचं होतं.

त्याने फोन दाखवला. पहिल्याच पानावर पूर्ण नाव, वय, फोटो, फलंदाज की गोलंदाज, किती वर्षांचा अनुभव, अशी रांग. मी त्याला बांधावरच्या मुलाबद्दल सांगितलं. "हा यात काय भरेल?" भाचा गप्प झाला.

ॲप बांधण्याआधी ते कागदावर वापरून बघतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. प्रत्येक पानाचा एक कागद करायचा. मुलाने बोट ठेवलं की दुसऱ्याने फोन बनून पुढचा कागद समोर सरकवायचा. खर्च काही नाही आणि चुका लगेच दिसतात. एका शनिवारी आम्ही आठवीच्या वर्गात हा खेळ मांडला.

पहिली चूक पाच मिनिटांत कळली. 'अनुभव किती?' या प्रश्नावर अर्धा वर्ग अडला. ज्याला कधी घेतलंच नाही, त्याने अनुभव कुठून आणायचा? एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लिंबूटिंबू चालेल का, ते आधी टीमने सांगायला पाहिजे." तिचं बरोबर होतं. लहानपणी आपण धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचो. तो आउट झाला तरी आउट नाही, पण मैदानात असायचा. मग भाच्याने क्रम उलटा केला. आता पहिल्या पानावर खेळाडूची माहिती मागत नाहीत. तिथे दिसतं : कुठे, कोणता खेळ, किती गडी कमी, शिकाऊ चालेल का. कबड्डीला सात लागतात, व्हॉलीबॉलला सहा, खो-खोला मैदानात नऊ. त्यातला एक जरी कमी असला तरी सगळ्यांचा खेळ अडतो. गरज दोन्हीकडे आहे हे दिसलं की विचारणाऱ्याला लाज वाटत नाही. वेळेच्या चौकटीत मुलांनी आकडे भरलेच नाहीत. "शाळा सुटल्यावर", "असरनंतर", "रविवारी सकाळी" असं लिहिलं. ती बटणं तशीच ठेवली.

दुसरी चूक मात्र जिव्हारी लागली. कॅप्टन झालेल्या मुलाकडे तीन चिठ्ठ्या आल्या. टीमला दोन गडी हवे होते. त्याने चिठ्ठ्या वाचल्या, एक बाजूला सारली आणि म्हणाला, "जागा भरली." एकालाही घेतलं नव्हतं, तरी. त्या चिठ्ठीत वेगळं काय होतं? फक्त आडनाव. तो आपल्याच घरातला मुलगा होता.

शहरात भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर "खोली आत्ताच गेली" हे आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय! तेव्हा जे लागतं, तेच आपला मुलगा दुसऱ्याला सहज देत होता.

मी वर्गाला मुंबईची गोष्ट सांगितली. तिथली क्रिकेटची मोठी स्पर्धा धर्मावर बेतलेली होती. 1912 मध्ये मुस्लिमांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली, 1937 पासून पंचरंगी. खेळ उत्तम व्हायचा, गर्दी तुडुंब असायची. तरी 1940 मध्ये गांधीजींनी अशा विभागणीला उघड विरोध केला, आणि 1946 नंतर ती स्पर्धा बंद झाली. आपल्या खाचरात मात्र ती अजून चालूच आहे, फक्त तिला कप नाही.

भाच्याने त्या रात्री नाव मागणंच मागे ढकललं. गडी घेईपर्यंत कॅप्टनला एवढंच दिसेल : किती दूर राहतो, काय खेळतो, आणि येतो म्हटल्यावर येतो का. ज्याने आधी विचारलं त्याची जागा आधी. होकार दिल्यावर पहिलं नाव. आडनाव कधीच नाही.

तिसरा प्रश्न मुलींनी विचारला. "फोन भाईजानचा आहे, मग आम्ही काय करायचं?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात 15 ते 49 वयाच्या साधारण 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल आहे. म्हणून एका फोनवरून पूर्ण टीम नोंदवायची सोय केली. फोन आईचा किंवा बाईंचा. मुलींचा फोटो नाही, नंबर दिसणार नाही, खेळाची जागा शाळेचं मैदान. तसंही 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. मुलाच्या फोनमध्ये असं कोणतंही ॲप आलं, तर ते आपल्याकडून काय काय मागतं हे आई-वडिलांनी वाचावं.

आणि मुलींना मैदान कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नाव. दिल्लीची नसरीन शेख, भांडी विकणाऱ्या बापाची लेक. 2019 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कॅप्टन आणि 2023 च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी. तिलाही कुणीतरी पहिल्यांदा खेळायला घेतलं असेलच.

ॲप अजून पूर्ण नाही. झरीत ते चालेल का, रेंज मिळेल का, बघू. पण त्या शनिवारनंतर तीन दिवसांनी मी खाचराजवळून येत होते. चिठ्ठी बाजूला सारणारा तोच मुलगा बांधाकडे तोंड करून ओरडला, "ए, एक गडी कमी आहे, येतोस का?"

बांधावरचा मुलगा चप्पल तिथेच टाकून पळाला. पहिल्याच बॉलवर आउट झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि त्याला पुन्हा घेतलं.

या रविवारी आपल्या मुलाला एकदा विचारा : तुमच्या मैदानाच्या कडेला कोण बसलेलं असतं?