मुलांचा उत्सव कीं वडीलधाऱ्यांचा?

पुण्यास आतां ग्रंथोत्सवांची वाण राहिलेली नाहीं. २०२३ सालापासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पटांगणावर डिसेंबरांत पुस्तक महोत्सव भरूं लागला, आणि २०२५ च्या मे महिन्यांत केवळ मुलांसाठीं म्हणून निराळी बाल पुस्तक जत्राहि या शहरानें पाहिली. पुस्तकांच्या दाराशीं आईबापांनीं मुलांस हातीं धरून गर्दी करावी, हें दृश्य ज्यास सुखावह वाटणार नाहीं तो अरसिकच म्हटला पाहिजे. तेव्हां आम्ही पुढें जें लिहिणार आहों तें उत्सवांच्या विरुद्ध नाहीं. आमचा वाद आहे तो उत्सवास जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींशीं, आणि त्यांत आम्ही स्वतः आलोंच.

मध्यंतरीं आमच्या घराजवळ भरलेल्या अशाच एका लहानशा बालग्रंथोत्सवास आम्ही गेलों होतों. 'लेखक आपल्या भेटीस' असा कार्यक्रम होता. लेखिका आल्या, दीपप्रज्वलन झालें, शाल-श्रीफळ झालें, अध्यक्षांचें भाषण झालें. मुलें सतरंजीवर चुळबुळत बसलीं होतीं. अखेरीस प्रश्नोत्तरांची वेळ आली, तेव्हां आठनऊ वर्षांचा एक मुलगा उठून म्हणाला, "तुमच्या गोष्टीतला कुत्रा शेवटी कुठे गेला, ते लिहिलंच नाही तुम्ही." लेखिकेचा चेहरा उजळला, पण त्यांनीं तोंड उघडण्यापूर्वींच सूत्रसंचालकांनीं ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढून घेतला व म्हटलें, "बाळ, ताईंना लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली, ते विचार बरं." मुलानें तें विचारलें नाहीं, तो खालीं बसला. प्रेरणेचा प्रश्न मग एका पालकांनींच विचारला.

त्या सबंध सभेंत तें पुस्तक लक्षपूर्वक वाचून आलेला बहुधा तो एकटाच होता. त्याचा प्रश्न अस्सल वाङ्मयीन होता. कथेचा शेवट मोकळा ठेवण्याचा लेखकास अधिकार कितपत, आणि तसा तो ठेवला तर वाचकाचें समाधान कशानें व्हावें? हेंच आमच्या पदवीच्या वर्गांतील एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें असतें तर आम्हीं त्याची पाठ थोपटली असती. लहान मुलानें विचारलें म्हणून तें अप्रस्तुत ठरलें.

विक्रीच्या मेजांशीं तरी काय दिसलें? मूल एखादें पुस्तक उचलतें, आई तें उलटून किंमत पाहते, वडील विचारतात, "यातून शिकायला काय मिळणार?" आणि अखेर पिशवींत पडतें तें सामान्यज्ञानाचें किंवा सुविचारांचें पुस्तक, जोडीला इंग्रजी शब्द गिरवण्याची वही. स्वतःसाठीं कादंबरी घेतांना या गृहस्थांस तिचा उपयोग कोणी विचारीत नाहीं. हीच मंडळी पुढें बैठकींत सुस्कारे टाकतात कीं, हल्लींचीं मुलें मराठी वाचीत नाहींत!

कोणी म्हणेल, मुलांवर संस्कार नकोत काय? हवेत, पण ते कोणत्या वाटेनें होतात तें पाहावें. १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' निघालें, १८८१ त विनायक कोंडदेव ओकांनीं 'बालबोध' मासिक सुरू केलें. त्या काळीं बोधाची गरज होती व ती त्यांनीं भागविली. १९०६ त वासुदेव गोविंद आपट्यांनीं आपल्या मासिकास 'आनंद' असें नांव दिलें, तेव्हां त्या एका शब्दानेंच मुलांचा हक्क मान्य केला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, किंवा याच पुण्यांत सायकल पिटाळणारा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे कोणता धडा शिकवितात म्हणून घरोघरीं शिरले नाहींत. 'श्यामची आई' हें तर उघड संस्कारांचें पुस्तक; १९३३ त साने गुरुजींनीं तें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. परंतु तेंहि आधीं डोळ्यांत पाणी आणतें आणि मग बोध करतें. हा क्रम उलटा केला कीं पुस्तक कपाटांत राहतें.

मात्र पालकांस दोष देऊन आम्ही सुटूं शकत नाहीं. चांगलें बालपुस्तक कोणतें, हें त्यांना सांगणार कोण? तें काम टीकाकारांचें. साहित्य अकादेमीनें बालसाहित्यास २०१० पासून निराळा पुरस्कार ठेवला, आणि २०१४ त तो माधुरी पुरंदरे यांस मिळाला. लेखिका स्वतःच चित्रकार असल्यामुळें त्यांच्या पुस्तकांत चित्र आणि मजकूर एकमेकांशीं कसे बोलतात, हा विषय प्रबंधाच्या तोलाचा आहे. आम्हां प्राध्यापकांपैकीं कितीजणांनीं तो हातीं घेतला? सुमार कवितासंग्रहावर आम्ही आठ पानें खर्च करतों, आणि बालपुस्तकास 'साभार पोंच' या सदराखालीं एक ओळ देतों.

म्हणून आमचें मागणें तिघांपाशीं आहे. उत्सवाच्या चालकांनीं लेखकास बोलाविण्यापूर्वीं महिनाभर तरी त्याचीं पुस्तकें शाळाशाळांतून फिरवावींत, सत्कार एका फुलांत आटपावा, आणि उरलेला वेळ मुलांच्या हवालीं करावा. पालकांनीं एक पुस्तक आपल्या पसंतीचें घेतलें तर दुसरें मुलाच्या पसंतीचें विनातक्रार घ्यावें. आणि वाङ्मयीन मासिकांनीं, प्रस्तुत मासिकहि त्यांत धरून, दरमहा चार पानें बालपुस्तकांच्या कठोर परीक्षणास राखून ठेवावींत.

त्या मुलास पुढें उत्तर मिळालें कीं नाहीं, तें आम्हांस समजलें नाहीं. आम्हीं मात्र तें पुस्तक विकत घेऊन वाचलें. कुत्रा कोठें गेला, तें त्यांत खरोखरच लिहिलेलें नाहीं. मुलाची हरकत रास्त होती.