तळघरातील कोलाहल

मध्य प्रदेशात १९८५ साली एक अधिनियम झाला. त्याचे नाव 'कोलाहल नियंत्रण अधिनियम'. कायद्याच्या रुक्ष पोथीत इतका नादमय शब्द सहसा सापडत नाही. 'कोलाहल' म्हणताच ढोल, नगारे आणि रणशिंगे एकदम वाजू लागल्याचा भास होतो. गेल्या श्रावणात हा शब्द आमच्या दिवाणखान्यात अवतरला, तो एका टंकलिखित अर्जाच्या रूपाने.

अर्ज घेऊन आले होते आमच्या वसाहतीतील एक ज्येष्ठ सद्गृहस्थ. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाच्या तळघरात दर शनिवारी रात्री 'रॉक' नावाचा धिंगाणा चालतो, त्यामुळे वृद्धांची झोप उडते, सबब तो तत्काळ बंद करावा, असा त्यातला मजकूर. सतरा सह्या झाल्या होत्या. अठराव्या जागेवर माझे नाव आधीच लिहून ठेवलेले होते.

"एकदा ऐकून तरी येतो, मग सही करतो," मी म्हणालो.

"अहो, त्यासाठी जायचे कशाला? घरबसल्या ऐकू येतेच की!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण आतल्या खोलीतून आमचा नातू बाहेर आला आणि म्हणाला, "आजोबा, या शनिवारी माझ्याबरोबर चला. सही रविवारी करा."

ते तळघर फार तर वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब असेल. छत हाताला लागेल इतके खाली. खुर्च्यांचा पत्ता नाही. साठ-सत्तर मुले-मुली उभी होती आणि भोपाळच्या पावसाळ्यातला तो दमट उकाडा. मला पाहून दारावरचा मुलगा क्षणभर गोंधळला; मग धावत वर जाऊन एक खुर्ची घेऊन आला. "दादाजी, यहाँ बैठिए, दीवार के पास." आमच्या मैफलीत पांढऱ्या केसांच्या माणसाला पहिल्या रांगेत बसवतात. येथे त्याला मागच्या भिंतीशी बसवले, हाही आदरच होता, हे पुढे कळले.

समोर चार जण. एक ड्रमच्या संचामागे, दोघे विजेच्या गिटारी घेऊन, चौथा बास घेऊन. गाणाराही त्यांतलाच. त्यांनी काठ्यांचा चार वेळा टकटकाट केला, आणि पुढचा आघात मला कानांनी ऐकू आलाच नाही. तो छातीत लागला. खुर्ची थरथरली. पहिली पाच मिनिटे मी केवळ घाबरून बसलो होतो, हे कबूल करायला हवे. मुले एकमेकांवर खांद्यांनी आदळत होती. ही मारामारी आहे असे वाटून मी उठणार, तोच एक मुलगा पाय घसरून पडला आणि चार हातांनी त्याला क्षणात उचलले. माझ्या खुर्चीभोवती दोन मुलगे पाठ करून उभे होते. धक्क्यांची लाट आली की ते ती आपल्या पाठीवर घेत. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते.

एवढा आवाज लागतोच कशाला, हा प्रश्न मी मध्यंतरात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलाला विचारला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. त्याने जे सांगितले ते मला पटले. ड्रमचा संच हे ध्वनिक्षेपकाविना वाजणारे वाद्य. त्याला गुंडी नाही, म्हणून तो कमी करता येत नाही. लहान खोलीत त्याची पातळी हीच सर्वांची पातळी होते. गिटार तिच्यापर्यंत चढवावी लागते, गिटारीवर गळा चढवावा लागतो, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना की तो आणखी मागतो. मोठ्या मैदानात जो आवाज विखुरतो, तो तळघरात भिंतींवर आपटून परत येतो. थोडक्यात, जागा जितकी लहान तितका कल्लोळ मोठा.

गिटारीचा तो करकरीत, फाटलेला स्वर मात्र मला सर्वांत अधिक छळत होता. आणि नेमके त्याच्याच बाबतीत माझे मत फिरले. १९६४ साली लंडनच्या 'किंक्स' या चमूतील डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने आपल्या ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा कागद दाढीच्या पात्याने कापला, कारण त्याला स्वच्छ स्वर नको होता, फाटका हवा होता. पुढे हेच काम यंत्रे करू लागली. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर ताणले की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात, आणि त्या छाटणीतून मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर उपजतात. हे ऐकताना मी चपापलो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरे काय? घोडीच्या उतरत्या पाठीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. योग्य जागा सापडली की तार घोडीला हलकेच घासत कंप पावते, आणि एका तारेतून स्वरांचा झुबका उठतो. स्वयंभू गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच. सर चंद्रशेखर रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांच्या ह्याच खुबीवर निबंध लिहिला होता. मिरजेचे कारागीर पिढ्यान्पिढ्या हातांनी आणि कानांनी जे घासून काढत आले, आणि ज्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाच एक रांगडा, दांडगा चुलतभाऊ त्या तळघरात ओरडत होता. नाते दूरचे असेल, पण नाकारता येणारे नाही. स्वच्छ स्वरात माणसाचे मन भरत नाही, त्याला थोडी खरखर हवीच असते.

आणि रात्रभराचा दंगा भोपाळला नवा कुठे आहे? जुन्या शहरातील चारबैत आठवा. पठाण शिपायांबरोबर आलेला तो काव्यगायनाचा प्रकार. गाणाऱ्यांच्या टोळ्यांना मैफल नव्हे, आखाडा म्हणायचे. डफ डोक्यावर उंच धरून, गुडघ्यांवर उसळत, समोरच्या आखाड्याला आव्हान देत गायचे. तेथेही मार्दवाची अपेक्षा कोणी केली नाही. तळघरातल्या पोरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांतल्या निम्म्यांनी चारबैत हा शब्दही ऐकला नव्हता. याला जबाबदार कोण, हा विषय वेगळा.

साडेनऊच्या सुमारास मी नातवाला घेऊन बाहेर आलो, कारण अर्जाचा प्रश्न आतला नव्हताच, बाहेरचा होता. केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून पाचांपेक्षा अधिक वाढता कामा नये. म्हणजे आत तुम्ही किती ओरडता यापेक्षा कुंपणावर किती ऐकू येते, यावर कायदा बोट ठेवतो. नातवाच्या मोबाइलवरील मापक कितपत विश्वासार्ह ते देव जाणे, पण त्याने आत १०३ दाखवले आणि फाटकाशी ६८. गिटार तेथे जवळजवळ ऐकू येत नव्हती. फक्त बास आणि ड्रमचा धपधपाट. खर्जाचे स्वर भिंतीला जुमानत नाहीत. उरलेला आवाज रोशनदानातून येत होता. उकाड्यामुळे ते सताड उघडे ठेवलेले. तेव्हा आमचे अर्जदार शेजारी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण बरोबर होते.

मुंबईच्या रंगभवनाची हकीकत याच जातीची. धोबीतलावाजवळचे ते उघडे नाट्यगृह. १९७८ पासून तेथे जॅझ यात्रा भरली, १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'चीही गर्दी तेथे लोटत असे. पण शेजारी रुग्णालय, शेजारी महाविद्यालय. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तेथल्या रात्री बंद पडल्या. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चुकीचे काय झाले? आणि तरी त्या पिढीचे लोक रंगभवनाचे नाव काढताच गप्प होतात.

आम्ही परत खाली उतरलो तेव्हा दहाला दहा मिनिटे होती आणि मुलांनी शेवटचे गाणे धरले होते. ते 'मा रेवा' होते. 'इंडियन ओशन' या चमूने २००० साली 'कंदिसा' या ध्वनिमुद्रिकेत ते घेतले. त्यांचा बासवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेला. गिटारी खाली आल्या, ड्रमवाल्याने काठ्या ठेवून तळहातांनी वाजवायला घेतले, आणि घामाने निथळणारी ती साठ-सत्तर पोरे नर्मदामाईचे नाव घेऊन गाऊ लागली. काळे सदरे, त्यांवर कवट्यांची चित्रे. माझ्या खुर्चीपुढच्या दोघांपैकी एक होशंगाबादचा (आता नर्मदापुरम म्हणायचे), त्याने डोळे मिटले होते. दहाच्या ठोक्याला त्यांनी आपण होऊन वाद्ये बंद केली. मीही गात होतो, असे नातू म्हणतो. मला आठवत नाही.

घरी आल्यावर मात्र कानांत शिटी सुरू झाली. रविवारी सकाळी तंबोरा जुळवायला बसलो तर जवारी ऐकूच येईना. दोरा सरकवून सरकवून बोट दुखले. संध्याकाळी ती परत आली, पण दिवसभर मी धास्तावलेला होतो. कानाच्या शंखातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा आरोग्यतज्ज्ञांचा हिशेब आहे. त्याप्रमाणे १०० ला पाव तास, १०३ ला साडेसात मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी १०० ही सरासरी मर्यादा सुचवली आणि श्रोत्यांना कानबोळे द्यावेत असेही सांगितले. तळघरातल्या त्या ड्रमवाल्याला मी हे बजावले तेव्हा तो हसला. वय वर्षे एकोणीस. हसणारच.

रविवारी संध्याकाळी शेजारी अर्ज घेऊन पुन्हा आले. मी 'बंद करावा' हे शब्द खोडले आणि खाली लिहिले की रोशनदान बंद करून हवेसाठी दुसरी सोय करावी, रात्री दहाला वाद्ये थांबवावीत, आणि हेच बंधन वसाहतीच्या मैदानावर गणेशोत्सवापूर्वी रोज चालणाऱ्या ढोल-ताशांच्या सरावालाही लागू करावे. मापकाने त्या मैदानाच्या कडेला ९१ दाखवले होते, तेही उघड्या हवेत. शेजाऱ्यांनी चष्मा काढून वाचले. त्यांची नात त्या पथकात ताशा वाजवते, आणि फार सुरेख वाजवते.

"ढोलाचे कशाला यात आणता? तो आपला उत्सव आहे," ते म्हणाले.

"तळघरातल्या मुलांनाही तसेच वाटते," मी म्हणालो. त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. तो पुढे गेला नाही असे ऐकतो.

मुलांनी रोशनदानाला जुन्या गाद्या लावल्या. गिटार अडली, ड्रम अडला नाही. त्यासाठी जड भिंत लागते आणि जड भिंतीला पैसे लागतात. उपाहारगृहाच्या मालकाने दिवाळीनंतर पाहू म्हटले आहे. तोवर मैफल एक तास आधी सुरू करायची असे ठरले, आणि मला पुढच्या शनिवारचे निमंत्रण आले. नातवाने बाजारातून स्पंजाच्या कानबोळ्यांच्या दोन जोड्या आणल्या आहेत. एक माझ्या तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवली आहे.