तलाठ्याचे दप्तर आणि सॉफ्टवेअरचा आराखडा

बारावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांची पत्रके गावोगाव फिरू लागतात. अलीकडे त्यांत एक भारदस्त शब्द दिसू लागला आहे, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. सहा महिन्यांचा कोर्स करा, पुण्याला जा, लाखांनी पगार घ्या, असा एकूण सूर असतो. सोयाबीन विकून फी भरणारा कास्तकार मात्र साधाच प्रश्न विचारतो, "पोराले तुम्ही नेमकं काय शिकवून राहिले, ते तं सांगा." प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर त्याला मिळायला हवे.

प्रोग्रॅम लिहिणारा आणि आर्किटेक्ट यांत फरक आहे. गवंडी विहिरीचे बांधकाम उत्तम करील. पण विहीर कोठे घ्यायची, पाणी कोणत्या वावरात आधी न्यायचे, मोटर बंद पडली तर दुसरी सोय काय, हे अगोदर कोणी तरी ठरवावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये हे ठरवणारा तो आर्किटेक्ट. कोणती माहिती कोठे ठेवायची, ती बदलण्याचा अधिकार कोणाला, एक भाग बंद पडला तर बाकीचे काम कसे चालू ठेवायचे, हे त्याचे प्रश्न. कामात पाच-दहा वर्षे घासल्याशिवाय ही नजर येत नाही. सहा महिन्यांत ती देतो म्हणणाऱ्याला फी देण्याआधी दहादा विचार करावा.

पण या विद्येचा पहिला धडा आपल्या गावातच आहे, आणि तो फुकट आहे. तो म्हणजे तलाठ्याचे दप्तर. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असा २०२४ चा निर्णय आहे, पण गावाच्या तोंडी तलाठीच बसलेला आहे.) गाव नमुने एक ते एकवीस. यातला नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की पहिली नोंद इथे होते. तिला क्रमांक पडतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सात-बारावर अंमल होतो. जुन्या धन्याचे नाव पुसत नाहीत. ते कंसात जाते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. म्हणजे सात-बारा ही आजची स्थिती आणि फेरफार हा तिथवर येण्याचा सगळा इतिहास. तीच जमीन गटाऐवजी खातेदाराच्या नावाने पाहायची तर आठ-अ. आणि सात व बारा हे दोन वेगळे नमुने का? मालकी क्वचित बदलते, पीक दर हंगामात बदलते. जे वेगवेगळ्या गतीने बदलते ते वेगळे ठेवावे, हे तत्त्व संगणक येण्याच्या कितीतरी आधी महसूल खात्याने कागदावर उतरवले होते. घडामोडी क्रमाने लिहीत जायच्या आणि त्यांवरून आजची शिल्लक काढायची, याच तत्त्वावर बँकांचे हिशेबही उभे असतात. ज्या पोराला सहा, सात-बारा आणि आठ-अ यांचे नाते नीट समजले, त्याला डेटाबेसचे पुस्तक परके वाटणार नाही.

आराखडा चुकला की काय होते तेही आपण भोगले आहे. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन भरून घेतले. ऑक्टोबरमध्ये मोजक्या शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे वाटली गेली आणि पाठोपाठ याद्यांतले घोळ बाहेर आले. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक खातेदार आढळले, बँकांची आणि अर्जांची माहिती जुळेना. ती जुळेस्तोवर खरा पात्र माणूस बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिला.

अशा कामात कोठे ठेच लागते, हे वाशीमच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरपेक्षा लवकर दिसेल. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण आपल्याकडची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आजही अकोल्याचीच आहे. ‘एक जिल्हा, एक जिल्हा बँक’ असे गृहीत धरून जो आराखडा काढील, त्याचा हिशेब रिसोड-मानोऱ्यात आल्याबरोबर अडखळेल. कर्ज सोसायटीचे, बचत खाते दुसऱ्या बँकेत, जमीन दोन गावांत, सात-बारावर नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या. हे सगळे एकाच माणसाचे आहे हे यंत्राने कशावरून ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर आधी काढायचे आणि मग प्रोग्रॅम लिहायला बसायचे. आर्किटेक्टचे काम ते हेच.

दुसरे उदाहरण ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली आणि कास्तकार स्वतःच्या मोबाइलने पिकाची नोंद करू लागला. कल्पना चांगलीच आहे. पण मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सगळे एकदम तुटून पडतात आणि धुऱ्यावर रेंज नसते. दसऱ्यानंतर बाजार समितीच्या फाटकावर ट्रॅक्टरची रांग लागते, तसेच हे. रोजच्या आवकेवर काटे मोजून चालत नाही, गर्दीच्या दिवसाचा अंदाज धरावा लागतो. कोठे रेंज नाही, हंगामात कोणते आठ दिवस माणसाला फुरसत नसते, हे ज्याने पाहिले आहे तोच ती सोय आधी करील.

हे आपल्या पोट्ट्यांचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल तर डॉ. विजय भटकरांकडे बोट दाखवावे. त्यांचा जन्म १९४६ चा, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचा. कारंजाला लागून असलेला हा तालुका. नागपूर, बडोदा, दिल्ली असे शिक्षण झाले. अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारला तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात एकच अवाढव्य यंत्र नव्हते; लहान लहान प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते. इर्जिक घालून एका दिवसात वावर नांगरून काढतात, तसा तो प्रकार. कामाची वाटणी आणि जोडणी यातच त्या यंत्राची ताकद होती.

आता शिकायचे कसे? पायथॉन किंवा जावा, कोणतीही एक भाषा पक्की करावी. मग एसक्यूएल, म्हणजे माहितीच्या तक्त्यांची भाषा. त्यानंतर नेटवर्क आणि लिनक्सची तोंडओळख. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ विनामूल्य आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतही आहेत. इंग्रजी लागतेच, पण वाचून समजण्याइतके आधी आले तरी अडत नाही. आणि मुख्य म्हणजे काही तरी खरे बांधावे. गावच्या दूध संकलनाचा हिशेब घ्या, बचत गटाचे हप्ते घ्या. एक वर्ष ते चालवून दाखवा. पहिल्या महिन्यात वाटते सगळे जमले. सहाव्या महिन्यात एखादी बाई गट सोडते, तिची शिल्लक कोठे दाखवायची कळत नाही, आणि मग कळते की पहिल्या दिवशी तक्ताच चुकीचा आखला होता. तो मोडून पुन्हा आखताना जे शिकायला मिळते, ते कोणत्याही क्लासच्या पत्रकात नसते.

तलाठी, ग्रामसेवक व सोसायटीच्या सचिवांना आमची एक विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत गावातली दोन-चार पोरे-पोरी दप्तर समजून घ्यायला आली तर त्यांना हाकलू नका. खाजगी कागद दाखवायची गरज नाही. एका जुन्या गटाचा सात-बारा आणि त्याचे चार-पाच फेरफार क्रमाने उलगडून दाखवले तरी एक सकाळ पुरते. जाताना त्यांना एवढेच विचारा, की हाच हिशेब तुम्ही कोऱ्या कागदावर कसा मांडला असता.