जर्मनीतल्या नव्या घरांत ‘हीट पंप’, मग बेंबळीत काय? नवं घर बांधताना हे गणित आधी समजून घ्या

सध्या रील्सवर एक मशीन बरंच फिरतंय. युरोपातलं एखादं नवं कोरं घर, त्यात फ्रिजएवढी एक पेटी. ती पेटी घर गरम करते, अंघोळीचं पाणी तापवते आणि घरातली शिळी हवा बाहेर काढून ताजी आत घेते. खाली कमेंट ठरलेली असते, “आपल्याकडे कधी येणार?”

आता हाच प्रश्न धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत नेऊन बघू. तिथं कुणी यंदा घराचा पाया खणत असेल, तर त्यानं हे मशीन घ्यावं का? आणि नाही, तर मग काय घ्यावं?

हे मशीन करतं काय?

हीट पंप हे नाव नवं असलं तरी वस्तू ओळखीची आहे. फ्रिज हा हीट पंपच आणि एसीसुद्धा हीट पंपच. हे यंत्र उष्णता तयार करत नाही, इकडची उचलून तिकडे टाकतं. म्हणून एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता हलवता येते. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, युरोपातला हीट पंप बाहेरची उष्णता आत आणतो.

मग त्याला हवा खेळवणारं यंत्र का जोडलं? कारण तिथली नवी घरं डब्यासारखी हवाबंद असतात. जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात १९९१ मध्ये ‘पॅसिव्ह हाउस’ म्हणून ओळखलं जाणारं पहिलं घर उभं राहिलं. जाड उष्णतारोधक थर, फटी बंद आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब काढून आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा, अशी त्याची रचना. हिवाळ्यात तिथं खिडकी उघडली की विकतची ऊब बाहेर जाते. त्यामुळे हा खर्च त्यांना परवडतो.

बेंबळीत मात्र सगळं उलटं आहे. इथं ऊब सांभाळायची नाही, मार्च ते जूनचं ऊन बाहेर ठेवायचं आहे. पारा चाळिशीच्या पुढे जातो. पण बालाघाटाच्या या पठारी भागात हवा कोरडी असते आणि रात्री बऱ्यापैकी उतरते. म्हणजे वर्षातला बराच काळ खिडकी उघडणं हाच सगळ्यात स्वस्त इलाज.

मग घरं इतकी तापतात का? त्याचं एक उत्तर ३२ वर्षांहून जुनं आहे.

३० सप्टेंबर १९९३

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर. दिवसाचं ऊन त्या मातीतच जिरायचं. वर ठेवलेल्या झरोक्यातून गरम हवा आणि चुलीचा धूर निघून जायचा. एकही युनिट न जाळता चालणारी ही व्यवस्था होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीपासून धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरपर्यंत गावं आडवी झाली. हजारो माणसं झोपेतच गेली, आणि त्यातली बहुतेक याच दगडी भिंतींच्या आणि मातीच्या छतांच्या ओझ्याखाली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं आणि ५२ गावं नव्या जागी वसवली गेली.

त्यानंतर या पट्ट्यात दगड-मातीच्या घराची जी धास्ती बसली ती बसलीच. डोक्यावर स्लॅब किंवा पत्रा आला. सुरक्षेच्या दृष्टीनं सिमेंट-लोखंडाच्या नीट बांधलेल्या घराकडे जाणं बरोबरच होतं. पण माळवदासोबत गारवाही गेला आणि त्याच्या जागी काय आणायचं, हे कुणी सांगितलं नाही.

खरा हीटर डोक्यावर आहे

चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि अंधार पडल्यावर तीच उष्णता खाली सोडतो. बाहेर वारं सुटलेलं असतं आणि आत पंखा गरम हवाच फिरवत असतो. पत्र्याचं तर बोलायलाच नको, तो ऊन लागताच तापतो.

अशा छताखाली कुठलंही मशीन लावलं, तरी ते आधी स्लॅबशी भांडतं, मग खोलीकडे वळतं.

त्यामुळे पहिला खर्च छतावर. बांधकाम सुरू असतानाच स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करून घेतला, तर गळती आणि ऊन दोन्ही अडतं. फक्त हे जास्तीचं वजन इंजिनिअरला आधी सांगावं लागतं, कारण हा भूकंपाचा भाग आहे. बजेट कमी असेल तर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. तेही नको असेल तर गच्चीवर हातभर उंचीवर शेडनेट, जी शेतकऱ्याच्या घरात बऱ्याचदा पडूनच असते. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी टाळायची आणि बाकी खिडक्यांवर छज्जा काढायचा.

मग कूलर की एसी?

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर मस्त चालतो आणि वीजही कमी खातो. गोची पाण्याची आहे. मोठा डेझर्ट कूलर कडक उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. दहा तास चालवला तर ८० ते १०० लिटर. जलजीवन मिशनचं माणशी रोजचं उद्दिष्ट ५५ लिटरचं. म्हणजे कूलर जवळपास दोन माणसांचं पाणी पितो, तेही नेमकं टँकरच्या दिवसांत. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो.

एसीला पाणी लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे तो थोडा आवाक्यातही आलाय. पण दीड टनाच्या एसीला रात्रभरात आठ युनिट धरली, तर महिन्याला २४० होतात. त्यात पंखे, फ्रिज, टीव्ही मिळवले की महावितरणचा ३०० युनिटचा टप्पा ओलांडला जातो आणि वरच्या युनिटना चढा दर लागतो.

यावर सोलरचा पर्याय आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि एवढी यंत्रणा दिवसाला साधारण १२ युनिट देते. पण एक गोष्ट विक्रेते सांगायला विसरतात. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं. गावाकडे लाइट किती वेळ असते, हे बघूनच हिशोब करावा.

अंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप गीझर साध्या गीझरपेक्षा फार कमी वीज घेतो. पण इथं ऊन फुकट आहे, त्यामुळे साधा सोलर वॉटर हीटर त्याच्या पुढे निघतो. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर त्याची टाकी आणि नळ्या वेळोवेळी साफ करून घ्यायच्या, एवढंच.

ताज्या हवेचं काय?

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. दारं-खिडक्या लावून चार जण झोपले की पहाटे डोकं जड होतं, ते त्यामुळे. त्यासाठी जर्मन पेटी लागत नाही. समोरासमोर दोन खिडक्या, वर एक झरोका आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन पुरतो. दुपारी सगळं बंद, सूर्य मावळला की सगळं उघडं. माळवदाचं तंत्र हेच होतं.

नियम आहेत, पण गावासाठी नाहीत

केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. घराच्या छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा त्यात आहे. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. पण २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी होती. गावातलं घर त्यात बसतच नाही.

दुसरीकडे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण टप्प्यात २०२४ ते २०२९ दरम्यान देशात आणखी २ कोटी घरं बांधायचं ठरलंय. सपाट भागात केंद्राच्या निकषानुसार १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. इतक्या पैशांत पहिली काटछाट होते ती छताच्या वरच्या थरावर. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण आणलं. महाराष्ट्रात तसं काही घरकुलांना जोडलं, तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा मराठवाडा आणि विदर्भाला होईल.

थोडक्यात

बेंबळीत घर बांधणाऱ्यासाठी क्रम असा. आधी भूकंपात टिकेल असा सांगाडा, मग छत, मग सावली आणि समोरासमोरच्या खिडक्या, मग सोलर हीटर. मशीन सगळ्यात शेवटी, आणि तेही एका खोलीपुरतं. एसी दहा-बारा वर्षांत बदलता येतो, स्लॅब मात्र पुढच्या पिढीच्याही डोक्यावर राहणार आहे.