लहरी जनतेच्या, लिलाव सरकारचा

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा विनियोग लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. न्या. पी. बी. सावंत व न्या. जीवन रेड्डी यांच्या निकालपत्रांचा मथितार्थ दुहेरी होता : ही मालमत्ता सरकारची मक्तेदारी नव्हे आणि ती बाजाराच्या हवालीही करावयाची नाही. यातील पूर्वार्ध सरकारला तत्काळ उमगला. उत्तरार्ध अद्याप उमगलेला नाही.

मुंबईपुरते बोलावयाचे तर येथे प्रक्षेपणाची सुरुवात १९२३ साली रेडिओ क्लबने केली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ही खासगी कंपनी १९३० साली बुडाली आणि नभोवाणी परकीय सरकारच्या हाती गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये त्या सरकारच्या नाकावर टिच्चून याच शहरातून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालविला. डॉ. राममनोहर लोहियांचा त्यात प्रत्यक्ष सहभाग होता. नोव्हेंबरात पोलिसांनी यंत्रणा जप्त केली. परंतु लहरींवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या तीन महिन्यांनी कायमचा उभा केला.

स्वातंत्र्यानंतर त्याचे उत्तर नीट दिले गेले नाही. बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांना दार बंद केले आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला. १९५७ साली विविध भारती काढून ती चूक सुधारावी लागली. तिचे मुख्यालय पुढे बोरिवलीत आले. मात्र १९६७ साली तिच्यावर जाहिराती आल्या, १९९३ मध्ये एफएमचे तास खासगी कंपन्यांना विकले गेले आणि त्यानंतर लहरींचाच लिलाव झाला. मुंबईतील एकेका परवान्याची बोली ९ कोटी ७५ लाखांवर गेली, तीही दरवर्षी १५ टक्के वाढीने. २००२ साली खासगी केंद्रे सुरू झाली. गो ९२.५ सारखे केंद्र इंग्रजी गाण्यांच्या सुस्थित श्रोत्यासाठी होते. बाकीची बव्हंशी एकाच हिंदी गाण्यांच्या घाण्याला जुंपली गेली. कोट्यवधी रुपये मोजून आलेला मालक ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्याशीच बोलणार, यात नवल ते काय?

श्रोत्यांना हेच हवे आहे, असा युक्तिवाद केला जातो. श्रोत्याला गाणे हवे, हे खरेच. केसकरांचा हट्ट फसला तो त्यामुळेच. परंतु गाणे ऐकण्याच्या हक्कासाठी स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क गहाण टाका, असे श्रोत्याने कधी म्हटले? मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्या, अंधेरीचे कामगार, मुलुंड-बोरिवलीहून लोकलला लोंबकळत येणारे चाकरमाने यांच्या पाणी, घर, रुग्णालयाच्या प्रश्नांवर खासगी एफएमने स्वतःची बातमी द्यावयाची नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे जसेच्या तसे ऐकवावे, असा नियम आहे. वृत्तपत्र काढणाऱ्यावर असे बंधन नाही. म्हणजे मालकाला नफ्याची मोकळीक आणि नागरिकाला मौनाची सक्ती!

सामुदायिक नभोवाणीचे दार २००६ साली संस्थांना उघडले गेले खरे. मुंबई विद्यापीठाने कालिन्यातून असे केंद्र चालवून दाखविले. परंतु त्याला शंभर वॅटची मर्यादा आणि राजकीय बातमीला बंदीच. एवढ्या विराट उपनगरांना ही चिमूटभर जागा देणे म्हणजे भुकेल्याला ताटाचा वास देणे होय.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. नभोवाणीवरील बातम्यांची बंदी उठवावी. उपनगरांसाठी बिगरव्यापारी केंद्रांना लहरी राखून ठेवाव्यात. आणि लिलावातून आलेल्या पैशाचा एक हिस्सा त्यांच्या उभारणीस द्यावा. कामगार संघटना, महिला मंडळे, वाचनालये यांनी परवान्यांसाठी अर्ज करावेत व नकार मिळाल्यास तो चव्हाट्यावर आणावा. जी मालमत्ता न्यायालयाने जनतेची ठरविली, तिचा ताबा मागण्यात याचना कसली?