पान उघडताना

"रक्तातच असतं हो त्यांच्या." रविवारी जेवणं आटोपल्यावर बडीशेप चघळत भाचा बोलला आणि माझं डोकं फिरलं. तो नुकताच कंपनीच्या कामाने हाँगकाँगला जाऊन आला आहे. मधल्या सुट्टीच्या दिवशी मकावही बघून आला. चिनी माणसाला जुगाराचं वेड जन्मजातच असतं, तेव्हा पोकर तिकडे एकदा रुजला की दहा वर्षांत जगातले सगळे मोठे खेळाडू चिनीच असणार, असा त्याचा दावा. दाव्याबद्दल बोलता येईल. पण 'रक्तातच' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना ते माहीत आहे. कोकणी माणसाच्या रक्तात आळस असतो, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा याच जागेवर मी दोन रविवार भांडले होते.

आधी माहिती. चीनमध्ये कॅसिनो कायदेशीर आहेत ते फक्त मकावमध्ये. पोर्तुगिजांनी १९९९ मध्ये हे शहर चीनला परत दिलं. २००६ मध्ये तिथल्या कॅसिनोंच्या कमाईने लास वेगासच्या मुख्य रस्त्याला मागे टाकलं. ही कमाई मुख्यतः बकारा या एकाच खेळाची. सध्या सगळीकडे खेळला जातो तो टेक्सास होल्डेम पोकर तिथे २००७ च्या सुमारास आला, पण आजही तो कोपऱ्यातल्या मोजक्या टेबलांवरच आहे. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या जुगाराच्या गावात, चिनी गिऱ्हाइकांच्या गर्दीत, पोकर पाहुण्यासारखा बसला आहे. असं का, हा प्रश्न भाच्याला पडायला हवा होता.

काही वर्षांपूर्वी बहिणीबरोबर मीही तिथे गेले होते. बकाराच्या एका टेबलामागे आम्ही तासभर उभ्या होतो. खेळ साधा. 'प्लेअर' आणि 'बँकर' अशा दोन बाजू, प्रत्येकीला दोन किंवा तीन पानं, ज्या बाजूची बेरीज नऊच्या जवळ ती जिंकली. दश्शी आणि चित्रांची किंमत शून्य. पैसे कुठे लावायचे तेवढंच ठरवायचं, बाकी काही हातात नाही. मात्र त्या बाजूवर ज्याची रक्कम सगळ्यांत मोठी, त्याला पानं उघडण्याचा मान. तिथे माझ्याच वयाची एक बाई होती. विणलेला स्वेटर, हातात हिरव्या जेडची बांगडी. पहिलं पान राणी निघालं, म्हणजे शून्य. दुसरं पान तिने आडवं धरलं आणि लांब कड अंगठ्याने जेमतेम एक रेष वर उचलली. कडेला चार खुणा दिसल्या. चार खुणा म्हणजे पान नव्वी किंवा दश्शी. नव्वी असेल तर याहून चांगली बेरीज नाही, दश्शी असेल तर हाती शून्य. दोन्हींत फरक फक्त मधल्या खुणांचा. तिने पान फिरवलं आणि आखूड बाजूने मुडपायला सुरुवात केली. मागे उभे असलेले सगळे ओणवे झाले आणि पानावर फुंकर मारू लागले. ती जास्तीची एक खूण उडून जावी म्हणून! मीही श्वास रोखला होता. बहिणीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

दश्शी निघाली. बाईने चुरगळलेलं पान पुढे सरकवलं. अशी पानं पुन्हा वापरत नाहीत, टाकून देतात. मग तिने शांतपणे पेन घेऊन हातातल्या चौकटींच्या कागदावर त्या डावाचा गोल काढला.

परतीच्या बोटीत मला सारखी काकूच आठवत होती. आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती व्हायची, नाण्यांची. काकू आपली तीन पानं एकावर एक ठेवायची, मुठीत दाबायची आणि वरचं पान अंगठ्याने इतकं सावकाश सरकवायची की बाकीचे वैतागून "अगं, बघ की पटकन" म्हणायचे. लाल कड दिसली की थांबायची. बदाम की चौकट, ते लगेच बघायचं नाही. ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि मग पुढचा एक तांदूळभर भाग. वर्षभर स्वयंपाकघरातून मान वर न काढणाऱ्या त्या बाईला त्या चार-पाच रात्री हे एवढं सावकाशपण हक्काने मिळायचं. पान काय आहे ते आधीच ठरलेलं आहे हे काकूला कळत होतं आणि मकावच्या त्या बाईलाही. तरीही कळण्याच्या आधीचा तो क्षण आपल्या अंगठ्याखाली असतो. दोघींच्या हातांत मला एकच गोष्ट दिसली आणि तिचा रक्ताशी काडीचा संबंध नाही.

पोकरमध्ये हा क्षण जवळजवळ नाहीच. तिथे आपली दोन पानं तळहाताच्या आडोशाला कोपरा उचलून बघायची, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही आणि दहातले सात-आठ डाव मुकाट्याने टाकून द्यायचे. म्हणून काहीजण म्हणतात की चिन्यांना नशिबाचे खेळ आवडतात, डोक्याचे नाहीत. हे तर 'रक्तातच'पेक्षा वाईट. ज्या देशात घरोघरी माहजोंगच्या १४४ सोंगट्या खडखडतात, तिथे डोक्याची वाण आहे? टेबलावर काय पडलं, कोण काय उचलत नाही, कुणाला काय हवंय, हे सगळं लक्षात ठेवून चौघं तासन् तास खेळतात. दुसरा घरगुती खेळ 'दोऊ दीझू', म्हणजे जमीनदाराशी लढा. तो तिघांचा. एक जमीनदार होतो, दोघं न बोलता एकमेकांना धरून त्याच्याविरुद्ध खेळतात. पोकरला लागतं ते सगळं त्यात आहे. चिनी भाषेत तर आपल्या ५२ पानांच्या जोडालाच 'पुके' म्हणतात, पोकर शब्दावरून. आणि टेक्सास होल्डेमचं नाव 'देझोऊ पुके'. शानतोंग प्रांतात देझोऊ नावाचं एक जुनं गाव आहे, मंद आचेवर शिजवलेल्या कोंबडीसाठी नावाजलेलं. टेक्सास लिहायला तीच दोन अक्षरं वापरतात.

आणि जॉनी चॅन? जन्म ग्वांगझूचा. लहानपणी हाँगकाँगमार्गे अमेरिकेला गेला, ह्यूस्टनमध्ये आई-वडिलांचा रेस्टॉरंटचा धंदा. त्याने १९८७ आणि १९८८, लागोपाठ दोन वर्षं पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली. १९८९ मध्येही शेवटच्या दोघांत होता, फिल हेलम्युथकडून हरला. टेबलावर तो समोर एक संत्रं ठेवायचा. त्या काळी खेळताना सगळे सिगारेटी ओढायचे, त्या वासावर उतारा म्हणून. पोकर तो शिकला कारण जिथे वाढला तिथे पोकरचं टेबल होतं. ग्वांगझूत राहिला असता तर माहजोंगमध्ये नाव काढलं असतं.

मग अडतं कुठे? पहिलं, टेबलाच्या जागेत. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, कॅसिनोला प्रत्येक डावातला थोडासा कापच मिळतो. बकारात कॅसिनो स्वतः समोर बसतो. मकाव सरकारने टेबलांची संख्या बांधून दिली आहे, आता एकूण ६,०००. मोजकीच टेबलं मिळणार असतील तर कुठलाही मालक तिथे बकाराच मांडणार. दुसरं, सरकार. २०१५ मध्ये चीनच्या एका कंपनीने 'वर्ल्ड पोकर टूर' साडेतीन कोटी डॉलरना विकत घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता दार उघडलं. त्याच वर्षी नानजिंगमधली मोठी स्पर्धा पोलिसांनी मध्येच बंद पाडली. हायनान बेटावर सान्याला स्पर्धा होत राहिल्या, मोबाइलवर लाखो लोक नुसत्या खोट्या चिपांवर खेळू लागले. मग १ जून २०१८ पासून पोकरची ॲप बंद, जाहिरात बंद. एवढं झाल्यावर आवडीनिवडीचा प्रश्न उरतोच कुठे? सरकारचं मन बदलत नाही तोवर पोकर तिथे खाजगी खोल्यांत आणि परदेशी गेलेल्या मुलांतच वाढेल. तिथे तो वाढतोच आहे आणि त्यातले काही फार चांगले खेळतात.

पैशांचा पोकर तिकडे फोफावावा असं मला अजिबात वाटत नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आमच्याच नात्यातल्या एका मुलाने मोबाइलवरच्या रमीत वर्षभरात आईने घेऊन ठेवलेल्या मुदतठेवीपर्यंत सगळं घालवलं. रात्री पांघरुणात, एकटा, अंगठ्याने. ना समोर कुणाचा तोंडवळा, ना पान सरकवताना "बघ की पटकन" म्हणणारं कुणी. त्या वेळी घरात कुणीही मराठी रक्ताचं नाव काढलं नाही. मुलगा फसला, एवढंच म्हणालो आणि तेच खरं होतं. मग दुसऱ्याच्या बाबतीत आपली जीभ इतकी सैल का होते?

हे मी भाच्याला विचारलं, जरा चढ्या आवाजात. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, दोऊ दीझू मला येतो. शेन्झेनच्या सहकाऱ्याने विमानतळावर शिकवला, विमानाला चार तास उशीर होता." मी कपाटातून पत्ते काढले, तिसरी म्हणून भाचीलाही बसवलं. प्रत्येकी सतरा पानं, उरलेली तीन जमीनदाराला. तिर्री सगळ्यांत हलकी, एक्क्याच्या वर दुर्री आणि सगळ्यांच्या वर दोन जोकर. दोन्ही जोकर एकाच हातात आले की त्याच्यापुढे काही चालत नाही. पानं वाटून झाली तेव्हा भाचीच्या लक्षात आलं की या जोडात जोकर एकच आहे. दुसऱ्यावर काकूने कधीकाळी निळ्या पेनाने 'चौकट ७' लिहिलंय, खरी सत्ती एका गणपतीत हरवली तेव्हापासून. भाचीने जुनी लग्नपत्रिका त्या मापाने कापली, तिच्यावर जोकर लिहिला आणि पानं पुन्हा पिसली. संध्याकाळच्या चहापर्यंत आम्ही अकरा डाव खेळलो. पत्रिकेचा जोकर जाड, त्यामुळे कुणाकडे आहे ते पाठीमागूनही कळायचं. पुढच्या रविवारी भाचा नवा जोड आणणार आहे. काकूच्या सत्तीचं पान मी वेगळं काढून ठेवलंय.